वॉर्डातला फिजिओ असिस्टंट: पुण्यात हे काम करू पाहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली बारा वर्षं पुण्यातल्या एका रुग्णालयात फिजिओथेरपी असिस्टंट म्हणून काम करते. ऑर्थो (हाडांचा), न्यूरो (मेंदू-नसांचा), हृदयशस्त्रक्रिया, आय.सी.यू. असे सगळे मजले फिरून झाले. नवीन लागलेल्या मुली-मुलांचे, त्यांच्या आईवडिलांचे आणि कधी पेशंटच्या नातेवाइकांचे तेच तेच प्रश्न कॅन्टीनमध्ये, जिन्यात, बसस्टॉपवर येतात. त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत.

हे काम नक्की काय असतं?

फिजिओथेरपिस्ट पेशंटला तपासतात. काय करायचं, किती करायचं, काय अजिबात करायचं नाही, हे ठरवून फाइलमध्ये लिहितात. ते पेशंटकडून दिवसातून दोन-तीनदा करून घेणं हे आपलं काम. कुशीवर वळवणं, कॉटच्या कडेला बसवणं, उभं करणं, वॉकर देऊन चालवणं, श्वासाचे व्यायाम मोजून करून घेणं. मधल्या वेळात वॉकर आणि व्हीलचेअर शोधून आणणं (वॉर्डातली व्हीलचेअर कायम दुसऱ्या मजल्यावर गेलेली असते), पुसून जागेवर ठेवणं आणि काय झालं ते लिहिणं.

हे लिहिणं नव्या मुलांना कमी महत्त्वाचं वाटतं. "आजी चार पावलं चालल्या, पाचव्याला डोळ्यांपुढे अंधारी आली, बसवलं, सिस्टरना सांगितलं." एवढ्या एका ओळीवर डॉक्टर दुपारी गोळी बदलतात. त्यामुळे नुसतं "व्यायाम दिला" असं लिहू नका.

म्हणजे मालिश करायचं ना?

नाही. वॉर्डात तेल लावायची वेळ जवळजवळ येतच नाही, आणि ऑपरेशननंतर पोटरी चोळणं धोक्याचं आहे. बरेच दिवस पडून राहिलेल्या पायात रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं. एकच पोटरी सुजलेली, गरम, दाबल्यावर दुखणारी दिसली की चोळायचं नाही, चालवायचंही नाही, आधी सांगायचं. आईच्या पायाला मायेने तेल चोळत बसलेली लेक मी कितीदा तरी पाहिली आहे. तिच्यावर ओरडू नका. "ताई, तेल राहू दे, त्यांच्याकडून पाऊल वर-खाली करून घ्या, तासाला दहा-पंधरा वेळा" असं सांगून तिच्या हाताला दुसरं काम द्या.

शिक्षण किती लागतं?

बहुतेक ठिकाणी दहावी किंवा बारावी बघतात. जनरल ड्यूटी असिस्टंटचा कोर्स केलेला असेल तर उपयोग होतो, कारण बेडपॅन, चादर बदलणं, हात धुणं, नाडी-बीपी या गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. बाकीचं वॉर्डातच शिकतो.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. असिस्टंट म्हणजे फिजिओथेरपिस्ट नव्हे. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्ट व्हायला विज्ञान शाखेतून बारावी, मग 'नीट', मग काही वर्षांची पदवी आणि इंटर्नशिप आणि त्यानंतर राज्याच्या परिषदेकडे नोंदणी लागते. या क्षेत्रासाठी संसदेने २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदाही केला आहे. त्यामुळे "सहा महिन्यांत फिजिओथेरपिस्ट व्हा" अशी जाहिरात दिसली तर पैसे भरण्याआधी एकच विचारा: या कोर्सनंतर माझी नोंदणी होईल का? दोन-तीन वर्षं वॉर्डात काढली की आपल्यालाही सगळं येतं असं वाटायला लागतं. शेजारच्या सोसायटीतले काका म्हणतात, "येत जा की घरी, पैसे देऊ." तपासणीशिवाय आणि कुणी ठरवून दिल्याशिवाय स्वतःच्या मनाने उपचार करायला जाऊ नका. आपल्याला व्यायाम करून घेता येतो. तो कुणाला चालणार नाही हे ओळखायला फिजिओथेरपिस्टना वर्षानुवर्षं शिकवलेलं असतं.

मी बारीक आहे. एवढ्या जड माणसांना उचलणार कशी?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचंच उत्तर मला सगळ्यात मनापासून द्यायचं आहे. उचलायचं नसतंच.

माझ्या पहिल्या वर्षीची गोष्ट. एक आजोबा खूप दिवस पडून होते. मी आणि वॉर्डातले मामा, दोघांनी मिळून त्यांच्या काखेत हात घालून त्यांना वर ओढलं. आजोबा कळवळले, खांदा धरून बसले. माझी कंबर त्यानंतर तीन आठवडे दुखत होती. आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आजोबा उठले का तू उचललंस?" मला उत्तर देता आलं नाही.

मग त्यांनी त्याच आजोबांना उठवून दाखवलं. आधी कॉटची उंची नीट केली, चाकं लॉक केली. आजोबांना कडेपर्यंत पुढे सरकायला लावलं. पावलं जमिनीवर सपाट, गुडघ्यांच्या जरा मागे घेतली. कमरेला पट्टा बांधला, तो धरून बाजूला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आजोबा, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे वाका. आता उठा." आणि थांबल्या. मला तो वेळ असह्य झाला होता. पण आजोबांचं ढुंगण गादीवरून सुटलं, थरथरत का होईना ते उभे राहिले, आणि मॅडमचा हात फक्त पट्ट्यावर होता.

म्हाताऱ्या, आजारी माणसाला सांगितलेलं कळायला, कळलेलं पायापर्यंत पोचायला वेळ लागतो. मी अजूनही मनात वीस मोजते. दहाव्या आकड्याला आपले हात आपोआप पुढे जातात, ते आवरायचे. माणूस स्वतःच्या पायावर किती ताकद लावतो ते तुम्ही उचललंत तर कधीच कळत नाही, आणि रोज उचललंत तर तो ती लावायची विसरतो. खरोखर ताकद नसेल तर दोघी-तिघी मिळून, चादरीवरून किंवा होइस्ट (पेशंट उचलायचं यंत्र) असेल तर त्याने हलवायचं. एकटीने मर्दुमकी दाखवायची नाही. तुमची कंबर पुढची तीस वर्षं लागणार आहे.

ऑपरेशन झाल्यावर लगेच का उठवता? आराम नको का?

हे नातेवाईक विचारतात, आणि नव्या असिस्टंटलाही मनातून तसंच वाटतं. २००७ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस नुसतं अंथरुणात ठेवलं होतं. त्यांच्या पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. ही धडधाकट माणसं होती. आपला पेशंट आजारी, जेवण अर्धवट, वर ऑपरेशन. पडून राहण्याने फुप्फुसाच्या तळाशी कफ साठतो, माकडहाडावर कातडी लाल होऊन बेडसोअर होतो, पोट साफ होत नाही. म्हणून गुडघा बदललेल्या माणसाला बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात, आणि ज्यांना स्वतःला हलता येत नाही त्यांना साधारण दर दोन तासांनी कूस बदलून देतात.

पण "जितकं लवकर तितकं बरं" हेही सगळ्यांना लागू नाही. अर्धांगवायूच्या दोन हजारांवर पेशंटवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. पहिल्या चोवीस तासांत फार आणि वारंवार उठवलेल्यांची प्रगती उलट कमी झाली. म्हणून कधी आणि किती हे फाइल सांगते.

ऑर्थो वॉर्डात काय सांभाळायचं?

पहिली गोष्ट वजन. दुखऱ्या पायावर पूर्ण टाकायचं, थोडं टाकायचं की अजिबात नाही, हे रोज फाइलमध्ये बघायचं. कालचं आज खरं असेलच असं नाही. टू-व्हीलरवरून पडून नडगी मोडलेली कॉलेजची पोरं पुण्यात कायम वॉर्डात असतात. त्यांना पाय टेकवायचा नाही असं सांगितलेलं असतं आणि तिसऱ्या दिवशी ती एका पायावर उड्या मारत बाथरूमला जातात. त्यांना दटावण्यापेक्षा एक्स-रे दाखवा. हाडाला लावलेली धातूची पट्टी आणि स्क्रू डोळ्यांनी बघितले की गप्प बसतात.

वॉकरची उंची उभं राहिल्यावर मनगटाच्या रेषेला यावी, म्हणजे कोपर किंचित वाकतं. दुसऱ्या पेशंटचा वॉकर तसाच दिला तर माणूस वाकून चालतो किंवा खांदे वर करून.

खुबा बदलला असेल आणि मागच्या बाजूने ऑपरेशन केलेलं असेल तर तीन गोष्टी टाळायच्या असतात: खुब्यात नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकणं, पायावर पाय टाकणं, पाय आत वळवणं. आपल्याकडे याचा सरळ अर्थ मांडी नाही, उकिडवं नाही, खाली पाटावर बसून जेवण नाही. आषाढ जवळ आला की इंदापूर-बारामतीकडचे आजोबा हमखास विचारतात, "यंदा वारीला जाता येईल ना?" त्याचं उत्तर आपण द्यायचं नाही. पण प्रश्न सर्जनपर्यंत पोचवायचा, कारण त्यांच्यासाठी चालायला शिकायचं कारण तेच असतं.

पॅरालिसिसच्या पेशंटला हात लावायची भीती वाटते.

थोडी भीती असलेली बरी. लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नका. खांद्याचा सांधा स्नायूंनी धरून ठेवलेला असतो, ते सैल पडले की हात नुसत्या वजनानेही खाली उतरतो. बसवलं की हाताखाली उशी. नातेवाईक प्रेमाने स्पंजचा चेंडू आणून मुठीत देतात. काहींची मूठ त्याने आणखी घट्ट होते, त्यामुळे मॅडमना विचारल्याशिवाय नको.

मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसलेल्या काही पेशंटसाठी डावी बाजू जणू उरतच नाही. ताटात डावीकडे वाढलेली चटणी-कोशिंबीर तशीच राहते, डावीकडून बोललेलं कळत नाही, चालताना दाराची डावी चौकट लागते. हट्ट समजून चिडू नका. मॅडमनी सांगितलं असेल तर मुद्दाम त्या बाजूला उभं राहून बोला.

जी.बी.एस.चे पेशंट वेगळे असतात का?

हो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागात गिलियन-बारे सिंड्रोमची साथ आली, तेव्हा पुण्यातल्या पुष्कळ वॉर्डांनी एका वेळी इतके पेशंट पहिल्यांदाच पाहिले. आकडा दोनशेच्या वर गेला. दूषित पाण्याशी आणि जुलाब करणाऱ्या जंतूशी त्याचा संबंध जोडला गेला. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. अशक्तपणा बहुधा पायांपासून वर चढतो आणि काहींना व्हेंटिलेटर लागतो.

असिस्टंटने दोन गोष्टी जाणायच्या. एक, माणूस आतून पूर्ण जागा असतो. हलता येत नाही, बोलता येत नाही, पण उशाशी उभं राहून तुम्ही काय बोलता ते सगळं ऐकतो. दुसरं, बरं होताना त्याला दमवायचं नाही. गुडघ्याच्या पेशंटला आपण "अजून पाच" म्हणतो, इथे ठरलेल्या आकड्याला थांबायचं, त्याच्या अंगात उत्साह असला तरी. जास्त थकवलं तर सुधारत चाललेली ताकद मागे जाऊ शकते. महिनेच्या महिने लागतात. चमचा तोंडापर्यंत नेता आला त्या दिवशी अख्खा वॉर्ड खूष असतो.

छातीच्या व्यायामात काय मोठंसं?

श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं ते खेळणं (स्पायरोमीटर) सगळ्यांच्या उशाशी असतं आणि बरेच जण त्यात फुंकतात. फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो, सावकाश. जागेपणी तासाला दहा वेळा. एकदा समोर करून दाखवा, मग त्यांच्याकडून करून घ्या. बायपास झालेल्यांना खोकताना उशी छातीशी घट्ट धरायला शिकवा, आणि उठताना हातांवर जोर देऊ नका म्हणावं. छातीचं हाड जुळायला सहा ते बारा आठवडे जातात.

चालवताना कधी थांबायचं?

चक्कर, थंड घाम, छातीत दुखणं, ओठ निळसर, अचानक धाप, फाइलमध्ये दिलेल्या आकड्याखाली गेलेला ऑक्सिजन, ड्रेनमध्ये (जखमेतलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत) एकदम वाढलेलं रक्त. यातलं काहीही दिसलं की आधी बसवा, मग हाक मारा. सोडून जाऊ नका. बरेच दिवसांनी उठणाऱ्याला आधी पाय खाली सोडून बसवायचं, बीपी घ्यायचं, उभं केल्यावर पुन्हा. वरचा आकडा वीसने पडला तर आज चालणं नाही.

लघवीची पिशवी कमरेच्या खाली राहिली पाहिजे, वॉकरच्या वरच्या दांडीला लटकवायची नाही. छातीच्या नळीची बाटली छातीच्या खालीच. उठवण्याआधी सगळ्या नळ्या डोळ्यांनी मोजा. मी बोट लावून मोजते.

नातेवाईक ऐकत नाहीत.

ते घाबरलेले असतात. "आम्ही उचलतो ना, तुम्ही सांगा फक्त" म्हणून चारजण पुढे होतात. त्यांना बाहेर काढण्यापेक्षा एकाला जवळ उभं करा आणि शिकवा, कारण घरी गेल्यावर तुम्ही नसणार, तोच असणार. भेटीच्या वेळी पेशंट चालवायला मला आवडतं. बाबा स्वतः उठताना मुलाने पाहिले की निम्मं समजावणं वाचतं.

मुलींनी पुरुष पेशंटचं करायचं का?

करतो. पडदा ओढायचा, चादर नीट घ्यायची, हात कुठे लावणार ते आधी सांगून मग लावायचा. बाई पेशंटला पुरुष असिस्टंट नको असेल तर बदलून घ्यायचं, त्यात कुणाचा अपमान नाही. आणि पेशंट किंवा नातेवाईक वावगं वागला तर खपवून घेऊ नका, लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगा.

आजार लागण्याची भीती?

हिपॅटायटिस बीचे तीन डोस आधी पूर्ण करा: पहिला, महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. पेशंटला हात लावण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ. सॅनिटायझर वीस ते तीस सेकंद, साबण-पाणी असेल तर चाळीस ते साठ. अंगठी आणि बांगड्या घरी ठेवा.

पगार, सुट्ट्या?

रुग्णालयानुसार फार फरक आहे. बरीच भरती एजन्सीमार्फत कंत्राटी होते, म्हणून सही करण्याआधी विचारा: पगार हातात किती, पीएफ कापता का, ई.एस.आय. (कर्मचारी राज्य विमा) आहे का. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी ई.एस.आय. असतं. त्यात आपला वाटा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन. हा पाऊण टक्का कापलेला दिसला तर कार्ड मागून घ्या. रविवार आळीपाळीने लागतात. विसर्जनाच्या दिवशी पेठांतले रस्ते बंद असतात, तेव्हा ज्यांची ड्यूटी आहे त्यांनी कसं पोचायचं ते आदल्या आठवड्यातच ठरवा.

आपला पेशंट गेला तर?

जातात. काल ज्यांनी सहा पावलं टाकली त्यांची कॉट सकाळी रिकामी दिसते. मला अजूनही पोटात खड्डा पडतो आणि तो पडू नये असं मला वाटत नाही. पाच मिनिटं पाणी प्या, कुणाशी तरी बोला, मग पुढच्या कॉटकडे जा. तिथले काका उठायची वाट बघत असतात.

पुढे काही करता येतं का?

बारावी विज्ञान असेल आणि वय-परिस्थिती जमत असेल तर पदवीचा विचार जरूर करा, वॉर्डातला अनुभव वाया जात नाही. नाहीतर एका शाखेत मुरा. पुणे या बाबतीत मोठं शहर आहे: वानवडीचं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, खडकीत पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र १९७४ पासून. कृत्रिम पाय लावून चालायला शिकवणं किंवा कण्याच्या पेशंटला व्हीलचेअरवर स्वतः चढायला शिकवणं, ही कामं वर्षानुवर्षं हात बसल्याशिवाय येत नाहीत.

डिस्चार्जच्या वेळी असिस्टंटचं काय काम?

घर विचारणं. जिना आहे का, पायऱ्या किती, कठडा चढताना कुठल्या हाताला, संडास कसा, कॉट की खाली गादी. जुन्या पेठांतल्या वाड्यांचे जिने अरुंद, उभे, लाकडी, आणि कठड्याच्या जागी वरून दोर लोंबतो. कसब्यातल्या एका आजींना आम्ही रुग्णालयाच्या रुंद जिन्यावर दोन दिवस झकास चढवलं आणि घरी गेल्यावर त्या पहिल्याच पायरीला अडल्या. शेवटी खालच्या बिऱ्हाडाने महिनाभर त्यांची कॉट आपल्या पुढच्या खोलीत लावून घेतली. तेव्हापासून मी नातेवाइकांना जिन्याचा फोटो काढून आणायला सांगते.

जिना शिकवताना एवढं घोकून घ्या: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात. आणि हे सगळं डिस्चार्जच्या दिवशी सकाळी काढू नका. त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष बिलाकडे आणि गाडीकडे असतं. शनिवारी घरी जाणार असतील तर गुरुवारीच विचारा, म्हणजे कमोडची खुर्ची आणि वॉकर त्यांच्या आधी घरी पोचलेले असतात.